अकरा महिन्यांची लेक, गणपतीचा प्रवास आणि ‘अजून रांगत नाही?’

डोंबिवलीच्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा. लेक अकरा महिन्यांची आहे. गणपतीला कुडाळजवळच्या सासरी जायचं आहे. लेक रांगत नाही, बसल्या बसल्या बुडावर सरकते. शेजारचा दहा महिन्यांचा मुलगा मात्र पावलं टाकू लागला. सासूबाई रोज फोनवर विचारतात, गावी तर सगळी वाडीच विचारेल. माहेरचे म्हणतात, एवढ्या पावसात आणि गर्दीत यंदा जाऊच नका. पहिला वाढदिवसही गावीच करायचं घाटतंय. काय करावं?

जा. कणकवलीच्या बाजूला लहान मुलांचा दवाखाना चालवते आहे, केस पांढरे झाले. गणपतीत आणि मे महिन्यात माझ्या बाकड्यावर मुंबई-ठाण्याची पोरं असतात. त्यामुळे तुमच्या प्रवासाचं हे टोक मला चांगलं ठाऊक आहे. प्रवास झेपला नाही म्हणून आलेली मुलं त्यांत थोडी असतात. गावी पोचल्यावर काय खाल्लं, काय हाताला लागलं, कुठलं औषध कुणी पाजलं, यातून आलेली जास्त. म्हणून प्रवासापेक्षा मुक्कामावर अधिक लिहिते. पण आधी तो रांगण्याचा विषय मिटवू.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या धडधाकट मुलांची वाढ मोजून २००६ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. त्या पाचांत भारतही होता, दिल्लीची मुलं होती. त्या आकड्यांत आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हातगुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने असा पट्टा आहे. चालण्याचा पट्टा नीट बघा, नऊ महिन्यांहून जास्त रुंद आहे. शेजारचा मुलगा त्याच्या एका टोकाला आहे आणि तुमची लेक अजून पट्ट्याच्या मध्यावरही आलेली नाही. दोघंही ठीक. त्याच पाहणीत शंभरातली चारेक मुलं कधी रांगलीच नाहीत, थेट उभी राहून चालू लागली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर २०२२ मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांच्या आपल्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं.

बुडावर सरकणारी मुलं हा वेगळाच गट आहे. त्यांना पालथं पडायला आवडत नाही. काखेत धरून उभं केलं की पाय खाली टेकवत नाहीत, हवेतच खुर्चीवर बसल्यासारखे वर घेतात, आणि आई घाबरते. ही मुलं चालतात उशिरा, बरीचशी दीड वर्षाच्या पुढे. पुष्कळदा घरात अजून कुणीतरी असंच सरकलेलं असतं. सासूबाईंनाच विचारा, तुमच्या नवऱ्याने किंवा दिराने लहानपणी काय केलं होतं. उत्तर मजेशीर येतं, आणि रोजच्या फोनचा सूरही बदलतो.

मग डॉक्टर बघतो काय? सरकताना दोन्ही बाजू सारख्या चालतात का. एकच हात पुढे आणि दुसरा मुठीत आवळलेला असं तर नाही ना. वर्षाच्या आत मूल ठाम डावखुरं किंवा उजवं झालं तर ते कौतुकाचं नाही, दुसऱ्या हाताची तपासणी करावी लागते. अंग फार सैल किंवा फार ताठ आहे का. पाठ सरळ ठेवून बसते का, बसल्या जागी वळून मागची वस्तू घेते का. खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घेते का, अंगठा आणि बोट जुळवून चुरमुरा उचलते का. नावाने हाक मारली की बघते का. ‘बा-बा, दा-दा’ चालू आहे का. टाटा करते का, टाळ्या वाजवते का. मोबाइलवर तिच्या सरकण्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढून ठेवा. दवाखान्यात मुलं पुतळा होऊन बसतात, तेव्हा ती फार उपयोगी पडते. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर वय ठरलेल्या तारखेपासून मोजायचं, दोन वर्षांपर्यंत.

थांबायचं नाही अशा गोष्टी वेगळ्या. नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसत नाही. वर्षाची झाली तरी बोबडं बोलत नाही, हातवारे करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. अठरा महिन्यांना चालत नाही; सरकणारं मूल असलं तरी तेव्हा एकदा दाखवायचंच. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे येत असलेली गोष्ट गेली, मग वय काहीही असो. हे दाखवायला मुंबईच गाठावी लागते असं नाही. जिल्हा रुग्णालयांत मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरणारी सरकारी केंद्रं आहेत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती चालतात.

एक अपवाद मात्र सांगून ठेवते, कारण दर गणपतीत त्यावरून आया रडवेल्या होऊन येतात. ‘घरी टाटा करायची, इथे आल्यापासून करत नाही.’ ‘वरण-भात खायची, आता फक्त अंगावर पिते.’ नवी जागा, नवी माणसं, मोडलेली झोप, यामुळे मुलं काही दिवस आक्रसतात. याला गेलेली गोष्ट म्हणत नाहीत. घरी परतून घडी बसली की सगळं परत येतं. परतून दोन आठवडे झाले आणि तरीही आलं नाही, तर दाखवा. तेव्हा गावच्या मुक्कामात तिची परीक्षा घेऊ नका, आणि दुसऱ्या कुणाला घेऊ देऊ नका.

त्यातच हे वय अनोळखी माणसाला घाबरण्याचं आहे. आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलाला आपली माणसं आणि परकी माणसं वेगळी कळू लागतात, म्हणून ते रडतं. हा मेंदूच्या वाढीचाच टप्पा आहे. वाडीत मात्र त्याचा अर्थ लावतात, ‘मुंबयचा चेडू, माणसांची सवय नाय’. आजी-आजोबांचं मनही दुखतं, वर्षभर वाट बघितलेली असते त्यांनी. यावर माझा ठरलेला तोडगा असा: पहिल्या दिवशी आजीने बाळाला घ्यायला हात पुढे करू नयेत. तुमच्या शेजारी बसून तुमच्याशी बोलावं, बाळाकडे फार बघूही नये, हातात एखादी वाटी-चमचा ठेवावा. बाळ आपणच सरकत वाटीपर्यंत येतं. जाण्याआधी आठ-पंधरा दिवस रोज थोडा वेळ व्हिडिओ कॉल केलात तर काम अजून सोपं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नका असं २०२१ मध्ये सांगितलं, पण नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला त्यांनीही सूट दिली आहे. ‘चेडू अजून रांगना नाय?’ असं कुणी विचारलंच तर ‘डॉक्टरांनी बघितलंय, ठीक आहे’ एवढंच सांगायचं. आकडेवारी सांगत बसू नका, वाद वाढतो. खरंच बघून घ्या मात्र, निघण्याआधी.

आता प्रवास. रेल्वेचं आरक्षण मिळालं असेल तर दुसरा विचारच नको. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही, एसटीतही लागत नाही. खालचा बर्थ तुमचा, आणि बाळ भिंतीच्या बाजूला. अंगावर पिणाऱ्या मुलाची आई म्हणजे निम्मा डबा आपोआप भरलेला, फक्त आईने स्वतः पाणी प्यायला हवं. संडासला जावं लागेल म्हणून पाणी टाळणाऱ्या बायका मी बघते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं ठणकत असतं. एसटीने येत असाल तर मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या गवळणीचं नाव दिलंय, पण तिच्या नावाच्या खोलीला कधी कुलूप असतं. चौकशीच्या खिडकीवर जाऊन किल्ली मागा, लाजू नका.

स्वतःच्या गाडीने येणार असाल तर बाळ मांडीवर आणि तुम्ही पुढच्या सीटवर, हे अजिबात नको. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची लहान मुलांची सीट लावा. भूक लागली तर गाडी थांबवून पाजायचं, चालत्या गाडीत काढून नाही. महामार्गावर वेळ जास्त लागेल हे धरूनच निघा. घाटात बाळ ओकेल ही भीती सोडा. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांच्या पुढे जास्त, त्याआधी क्वचित. तुम्हाला स्वतःला लागते का, ते बघा. आणि झोप यावी म्हणून सर्दीचं औषध द्यायचं नाही. ‘प्रवासात त्रास नको म्हणून पाव चमचा दिलं’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. सर्दी-खोकल्याच्या एका सर्रास मिळणाऱ्या मिश्रणावर, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये लावलं, ते उगीच नाही.

खाण्याचं सांगायचं तर तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून, जाडसर दळून घ्या. थर्मासमधल्या गरम पाण्यात दोन मिनिटं भिजवलं की खिमट तयार. शिवाय लाह्यांचं पीठ, केळी. घरून शिजवून आणलेली खिचडी दोन-तीन तासांत संपवायची, उरली तर टाकायची. दुधाची बाटली आणू नका. ती प्रवासात नीट धुता येत नाही आणि जुलाबाचं मोठं कारण तीच असते. अंगावरच्या दुधाऐवजी दुसरं काही पाजायचंच तर वाटी-चमचा.

सोबतच्या पिशवीत ओआरएसची मोठी पाकिटं हवीत, एक लिटर पाण्याची. पाकीट अर्धं करून ग्लासात ढवळायचं नाही, प्रमाण चुकतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. दर पातळ शीनंतर तिच्या वयाला ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. सोबत झिंक, सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅम, रोज एकदा, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. तापाच्या औषधाबाबत एक सांगते, कारण चूक इथेच होते. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स असतात त्यांत बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा २५०. एका बाटलीचं माप दुसऱ्या बाटलीला लावलं की मात्रा कितीतरी पट वाढते किंवा घटते. तुमच्या डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे आकडा बाटलीवरच लिहून घ्या.

पोचलात. आता गणपतीचं घर लहान मुलाच्या उंचीवरून बघा, म्हणजे शब्दशः जमिनीवर बसून. सरकणारं मूल किती लांब जातं याचा अंदाज मोठ्यांना येत नाही, कारण त्यांच्या डोक्यात ‘अजून रांगत नाही’ असतं. समई, निरांजन, अगरबत्ती तर दिसतातच. मला धास्ती असते ती कापराची. आरतीच्या तबकाशेजारी उघडी डबी असते, वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात, आणि एवढ्याशा मुलाच्या पोटात थोडा कापूर गेला तरी थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. डबी वरच्या फळीवर. सर्दी झाली म्हणून खोबरेल तेलात कापूर घालून छातीला, नाकाला चोळण्याची पद्धतही या वयात नको. कापूर खाल्लाच तर उलटी करवायची नाही, डबी बरोबर घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठायचं. रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अजून काही घरांत आहे. तिथेही उलटी करवायची नाही, ती फुप्फुसात गेली की खरं नुकसान होतं.

मागच्या दारी पाण्याने भरलेली बादली आणि घंगाळ ठेवायचं नाही. या वयाचं मूल डोकं जड असल्याने वाकतं आणि बादलीत उलटं पडतं, वर येता येत नाही. विहिरीला कठडा असतो, बादलीला नसतो.

विंचवाबद्दल घाबरवायचं नाही, पण कोकणात राहून न लिहिणं बरं नाही. पाऊस ओसरू लागला की लाल विंचू लाकडांच्या ढिगातून, चिऱ्यांच्या फटींतून बाहेर येतो. वाळत घातलेले कपडे, दुपटी, पांघरूणं झटकून घ्या. बाळ एकदम किंचाळून रडायला लागलं, घामाने भिजलं, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर विंचवाचा विचार करा आणि उतारा-मंत्रात वेळ न घालवता निघा. महाड भागात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाच्या, रक्तदाबासाठीच्या औषधाने हे मृत्यू टाळता येतात हे दाखवून दिलं. इथल्या सरकारी दवाखान्यांत ते औषध असतं. लवकर मिळालं तरच त्याचा उपयोग.

खाण्यात इथलं पुष्कळ तुमच्या कामाचं आहे. उकड्या तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, मऊ भातावर वरण आणि तूप, घरात चालत असेल तर गौरीनंतर काटे काढलेला मासा. उकडीच्या मोदकाची वरची पारी कुस्करून द्या, सारण नको. काळ्या वाटाण्याची उसळ, शेंगदाणे, फुटाणे, चण्याची डाळ, पंचखाद्यातले खोबऱ्याचे तुकडे, हे सगळं श्वासनलिकेत अडकणारं. संक्रांतीला बोरन्हाण करणार असाल तेव्हाही हेच लक्षात ठेवा. डोक्यावरून बोरं आणि हरभरे ओतायचे, आणि खाली बसलेलं मूल ते तोंडात घालणार. कुरमुरे आणि बिस्किटं ओता, कुणाला काही फरक पडत नाही. वर्षाच्या आत मध नाही, गुटीत उगाळूनही नाही, चाटवूनही नाही. त्यातून क्वचित बोट्युलिझम नावाची विषबाधा होते आणि मूल लुळं पडतं. पाणी विहिरीचं असो की नळाचं, उकळलेलं. काजळाला माझी ना आहे. तेल लावून मालिशला मात्र हो, आजीलाच करू द्या. दोघींची गट्टी तिथेच जमते.

आणि खळ्यात सोडा तिला. शहरातल्या दोन खोल्यांत सरकणाऱ्या मुलाला इथे ओटी, पडवी, पायरी, धरून उभं राहायला बाकडं, बघायला मांजर-कोंबड्या आणि पाठीमागे लागायला चुलत भावंडं मिळतात. चालायला शिकण्यासाठी मी एवढं कुणाला लिहून देऊ शकत नाही. तेव्हा कुणी काका हौसेने वॉकर आणतील, तो वापरू नका. चाकांच्या खुर्चीत लटकलेलं मूल बोटांच्या टोकांवर ढकलतं, स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही, आणि पायरीवरून गडगडतं. कॅनडाने वॉकरच्या विक्रीवर २००४ मध्ये बंदी घातली, आपल्याकडे अजून दुकानात टांगलेले असतात. त्यांना दुसरं काही आणायला सांगायचं असेल तर लाकडी पांगुळगाडा सांगा. तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं, म्हणून चालतो. तोही ती धरून उभी राहायला लागल्यावर, आणि सपाट जागेत.

मोटारसायकलवरून देवळात, बाजारात न्यायचा मोह होईल. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमाने चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढे त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० च्या आत हवा. गावात हे कुणी पाळत नाही हे मी रोज बघते. तुम्ही रिक्षा करा.

डासांसाठी मच्छरदाणी पुरते, दिवसाच्या झोपेलाही. भजनाची रात्र असली तर बाळाला मागच्या खोलीत झोपवून त्या खोलीतच कुणीतरी राहायचं. आळीपाळी ठरवून घ्या, नाहीतर सगळी रात्र तुमच्याच वाट्याला येते आणि सण बाकीच्यांचा होतो. नवऱ्याला हे निघण्याआधीच सांगा. गावी पोचल्यावर तो पुन्हा मुलगा होतो.

लसीची तारीख या दिवसांत येत असेल तर ती चुकवायची गरज नाही. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ठेवा, गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी लस मिळते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर मात्र गर्दीत येण्याआधी घ्या. आयुष्यातला पहिला मोठा जनसमुदाय तिला गणपतीतच भेटणार आहे. लोहाचे थेंब आणि ड जीवनसत्त्व चालू असेल तर प्रवासात बंद करू नका.

वाढदिवसाचं विचारलंत. गावी करा, दुपारी करा, तिची झोप झाल्यावर. संध्याकाळी सातला केक कापायचे बेत मोठ्यांच्या सोयीचे असतात, उत्सवमूर्ती तोवर रडून लाल झालेली असते. फुगे लावायचे तर तिच्या हाताच्या बाहेर, आणि फुटलेल्या फुग्याचं रबर लगेच गोळा करायचं. घशात बसलं तर ते काढता येत नाही. जावळ त्याच वेळी काढणार असाल तर न्हाव्याला पातं नवं घालायला सांगा. आणि ‘वर्षाची झाली तरी’ असं कुणी सुरू केलंच, तर तिला आजीच्या मांडीवर द्या आणि आजीलाच विचारा, बाबा कितव्या महिन्यात चालला होता.